फ्लॅटबेडवर पहिली नोकरी, तीही रिजनल: नव्या सीडीएलवाल्याने कुठे आणि कशी शोधावी?

चाकोरीबाहेर
मुक्काम कोलंबस, ओहायो. ग्रीन कार्ड आहे. क्लास ए सीडीएल (जड ट्रकचं व्यावसायिक लायसन्स) नुकतंच हातात आलं. शाळा १६० तासांची. परीक्षा ऑटोमॅटिकवर दिली, म्हणून 'ई' रिस्ट्रिक्शन (मॅन्युअल गिअरचा ट्रक चालवायला मनाई) पडलं आहे. ड्रायव्हिंग रेकॉर्ड साफ.
ड्राय व्हॅन (बंद पेटीचा ट्रेलर) नको, फ्लॅटबेडच (उघडा सपाट ट्रेलर) हवं, आणि तेही रिजनल, म्हणजे आसपासच्या राज्यांतलंच, कारण शनिवार-रविवार घरी यायचं आहे. पण जाहिराती बघितल्या तर बहुतेकांना सहा महिने ते दोन वर्षं अनुभव हवा. जे बिनअनुभवी घेतात ते '४८ राज्यं, तीन आठवडे बाहेर' म्हणतात. मधलं काही असतं का? आणि 'ई' रिस्ट्रिक्शनमुळे अडतं का?

लोखंडबाजार
असतं, आणि तुमच्या भागात तर नक्कीच असतं.
आधी अनुभवाच्या अटीबद्दल. ती बहुतेक वेळा मालकाची नसते, विमा कंपनीची असते. पाच-दहा ट्रकवाल्याला नवा ड्रायव्हर आवडला तरी त्याची पॉलिसी परवानगी देत नाही. मोठ्या कंपन्या जोखमीचा बराच भाग स्वतः उचलतात आणि त्यांची स्वतःची ट्रेनिंगची यंत्रणा असते, म्हणून त्यांना नवखा चालतो. तेव्हा छोट्यांच्या दारात फेऱ्या मारू नका, वर्षभराने तेच तुम्हाला फोन करतील.
नव्यांना थेट फ्लॅटबेडवर घेणाऱ्यांत वर्षानुवर्षं दिसणारी नावं: टीएमसी (डे मॉइन, आयोवा), मॅव्हरिक (नॉर्थ लिटल रॉक, आर्कान्सा), रोल (मार्शफील्ड, विस्कॉन्सिन), मेल्टन (टल्सा, ओक्लाहोमा). मेल्टनचं काम मुख्यतः लांब पल्ल्याचं असतं, त्यामुळे वीकेंडला घर हवं असेल तर आधी बाकीच्या तिघांकडे विचारा. ही जाहिरात नव्हे. कोण कुठल्या महिन्यात कुठल्या भागात भरती करतो हे सतत बदलत असतं.
आता मुख्य मुद्दा. रिजनल नोकरी मिळते ती कंपनी बघून नव्हे, मालाच्या वाटा बघून. तुमचं घर कंपनीच्या रोजच्या वाटेवर असेल तर शुक्रवारी घरावरून जाणारा लोड देणं डिस्पॅचरला (लोड वाटून देणाऱ्याला) सोपं पडतं. वाटेबाहेर असेल तर रिक्रूटरने काहीही कबूल केलं तरी तुम्ही शनिवारी दुपारी दोनशे मैलांवर अडकलेले असाल. कोलंबसभोवती लोखंडाचा माल भरपूर आहे: नैऋत्येला मिडलटाउन, ईशान्येला क्लीव्हलँड, वायव्येला डेल्टा, इंडियानात बटलर, आणि पुढे बर्न्स हार्बर-गॅरी हा मिशिगन सरोवराकाठचा पट्टा. परतीला लाकूड, ड्रायवॉल, पाइप, छपराचे शिंगल्स. फ्लोरिडात राहत असतात तर वेगळंच सांगितलं असतं. तिथे माल उतरतो भरपूर, तिथून निघतो कमी.
'ई' चं फारसं मनावर घेऊ नका. मोठ्या ताफ्यांत आता बहुतेक ट्रक ऑटोमॅटिकच आहेत. पुढे हेवी हॉलकडे (अवजड यंत्रांच्या वाहतुकीकडे) जायचं असेल तेव्हा मॅन्युअलवर पुन्हा परीक्षा देता येते. 'एल' (एअर ब्रेक) किंवा 'ओ' (फिफ्थ व्हील नसलेलं वाहन) पडलं असतं तर मात्र खरी अडचण होती.

फिरस्ता_५२
माझं मत थोडं वेगळं. आधी वर्षभर ड्राय व्हॅन चालवावी, बॅकिंग (ट्रेलर मागे घेणं) पक्कं होतं, मग फ्लॅटबेड. एकाच वेळी ट्रक आणि माल दोन्ही शिकणं नव्याला जड जातं.

साखळदंड
फिरस्ता, बॅकिंगचा मुद्दा बरोबर, सल्ला पटला नाही. वर्षभर व्हॅन चालवून फ्लॅटबेड कंपनीत गेलात तरी माल बांधायचं ट्रेनिंग पहिल्यापासूनच घ्यावं लागतं, व्हॅनचा अनुभव तिथे उपयोगी पडत नाही. शिवाय डॉकला (माल चढवायच्या फलाटाला) तासन्तास ट्रक मागे घेणं फ्लॅटबेडवाल्याच्या वाट्याला कमी येतं. मिलमध्ये (पोलाद कारखान्यात) बहुतेकदा पुढून आत, क्रेनखाली उभं, पुढून बाहेर. अवघड जागा येतात त्या बांधकामाच्या साइटवर, चिखलात.
उलट एक धोका आहे. सीडीएल घेऊन काही महिने ट्रक चालवला नाही तर बऱ्याच कंपन्या रिफ्रेशर कोर्स मागतात. चाकोरीबाहेर, जे करायचं ते याच महिन्या-दोन महिन्यांत करा.

निवडुंग
अर्ज भरण्याबद्दल कोणी लिहिलं नाही, आणि आपल्या लोकांचं घोडं तिथेच अडतं.
फेडरल नियमाने मागच्या तीन वर्षांच्या सगळ्या नोकऱ्या द्याव्या लागतात, आणि त्याआधी व्यावसायिक वाहन चालवलं असेल तर आणखी सात वर्षांच्या. व्यवहारात बऱ्याच कंपन्या सरसकट दहा वर्षं मागतात आणि महिन्याहून मोठी प्रत्येक पोकळी 'काय करत होता' म्हणून विचारतात. भारतातली नोकरी असेल तर अनुभवपत्र, पगाराच्या स्लिपा, ईमेलला उत्तर देईल असा तिथला माणूस, हे सगळं आधीच गोळा करा. पुण्याच्या कंपनीचा लँडलाइन देऊन भागत नाही, इथला पडताळणीवाला दिवसा फोन करतो तेव्हा तिकडे रात्र असते. मधल्या बेकारीच्या काळासाठी टॅक्स रिटर्न किंवा ओळखीच्याचं पत्र चालतं.
भारतातलं हेवी लायसन्स इथे अनुभव म्हणून धरत नाहीत. मुलाखतीत सांगायला हरकत नाही, अर्जात त्याच्यावर भिस्त नको.
ड्रग अँड अल्कोहोल क्लिअरिंगहाउसमध्ये (सीडीएलवाल्यांच्या नशेच्या चाचण्यांची फेडरल नोंदवही, जानेवारी २०२० पासून सुरू) स्वतःचं खातं उघडून ठेवा. कंपनीला नोकरीआधी पूर्ण चौकशी करावी लागते आणि तिची संमती तुम्हाला त्या खात्यातूनच द्यावी लागते. ओहायोत गांजा कायदेशीर असला तरी सीडीएलला चालत नाही, आणि काही कंपन्या केसांची चाचणी घेतात, तिच्यात साधारण तीन महिने मागचं दिसतं.
चार-पाच ठिकाणी अर्ज करा. पण ओरिएंटेशनला 'येतो' म्हणून न जाणं टाळा. अशा नोंदी राहतात आणि पुढचा रिक्रूटर त्या वाचतो.

चाकोरीबाहेर
फार उपयोगी. रिक्रूटरला नेमकं काय विचारू? परवा एकाशी बोललो, तो सगळ्याला 'येस सर, नो प्रॉब्लेम' म्हणत होता.

निवडुंग
रिक्रूटर चूक सांगतो असं नाही, पण मोघम प्रश्नाला मोघमच उत्तर मिळतं. आकडा मागा.
'वीकेंडला घरी' म्हणजे किती वाजता? ७० तासांचं घड्याळ (आठ दिवसांतल्या कामाच्या तासांची मर्यादा) पुन्हा शून्यावर आणायला सलग ३४ तास सुट्टी लागते. शनिवारी दुपारी दोनला घरी येऊन रविवारी रात्री बाराला निघालात तरी ३४ तास भरतात, आणि त्यांच्या लेखी तो वीकेंडच. माझ्याच झिपकोडमध्ये राहणारा एखादा ड्रायव्हर आहे का, त्याच्याशी बोलता येईल का, असं विचारा. टाळाटाळ झाली तर समजून घ्या.
ट्रक घरी आणता येतो का आणि उभा कुठे करायचा? गावाचे आणि सोसायटीचे नियम आधी बघा, बऱ्याच वसाहतींत नुसता ट्रॅक्टरसुद्धा (ट्रेलर सोडून उरलेला पुढचा ट्रक) उभा करू देत नाहीत.
ट्रेनरबरोबर किती आठवडे, त्या काळात पगार आठवड्याचा ठरलेला की मैलावर? ट्रेनर फ्लॅटबेडचाच ना? (हसू नका, विचारा.)
ताडपत्रीचे पैसे लोडमागे की ताडपत्रीमागे, आणि लोड नाकारता येतो का? माल चढवता-उतरवताना खोळंबा झाला तर पैसे कितव्या तासापासून?
साखळ्या, पट्टे, ताडपत्र्या कोणाच्या? हरवल्या-फाटल्या तर पगारातून कापतात का?
करार किती महिन्यांचा, आणि मध्येच सोडलं तर ट्रेनिंगची सगळी फी परत द्यायची की उरलेल्या महिन्यांच्या प्रमाणात?
आणि पहिल्याच वर्षी 'लीज-पर्चेस' (कमाईतून हप्ते कापून ट्रक विकत देण्याची योजना) म्हणून ट्रक गळ्यात मारायला बघतील तर नाही म्हणा. फेडरल सरकारने नेमलेल्या टास्क फोर्सने जानेवारी २०२५ च्या अहवालात अशा योजनांवर बंदीच घालावी असं सुचवलं आहे.

कोयनाकाठ
टक्केवारी की मैल? माझ्या भावाला दोन्ही प्रकारच्या ऑफर आहेत.

लोखंडबाजार
रिजनल फ्लॅटबेडला बहुधा टक्केवारी बरी, कारण फेऱ्या आखूड असतात. समजा २५० मैलांचा लोड १,००० डॉलरचा आहे. २७ टक्क्यांनी २७० डॉलर. ६२ सेंट मैलाने १५५. कॉइल (पोलादी पत्र्याचं गुंडाळं) चढवून, बांधून, ताडपत्री घालून, उतरवून दिवस तर तेवढाच जातो. पण लोड १,१०० मैलांचा आणि स्वस्तातला असेल तर गणित उलटतं, आणि टक्केवारीत रिकाम्या मैलांचे बहुधा काहीच मिळत नाहीत. विचारायचं ते हे: टक्के नेमके कशावर? इंधन अधिभार धरून की सोडून? लोडची मूळ रक्कम ड्रायव्हरला दाखवतात का? दाखवत नसतील तर टक्केवारीला अर्थ नाही.
डिसेंबर ते फेब्रुवारी बांधकामं थंडावतात तेव्हा दोन्ही पद्धतींत आठवड्याची कमाई उतरते. जुलैच्या कमाईवर घराचा हप्ता ठरवू नये.

सई_सातारकर
जरा थांबा. त्याला नोकरी मिळेलही, पण ओरिएंटेशनला काय विचारतात आणि काय करून घेतात ते तरी सांगा. माझ्यासारख्या पाच फुटी बायकांनाही उपयोग होईल.

साखळदंड
लिहितो, जरा लांबेल. हे पाठ करून गेलात तर ट्रेनर तुमच्याशी वेगळ्या तऱ्हेने वागेल.

पहिला हिशेब वजनाचा. बांधणीच्या सगळ्या साधनांची कार्यक्षम भारमर्यादा (सगळे 'वर्किंग लोड लिमिट' म्हणतात) मिळून मालाच्या वजनाच्या निदान निम्मी भरली पाहिजे. ट्रेलरच्या एका बाजूला अडकवून मालावरून किंवा मालातून पलीकडच्या बाजूला गेलेली साखळी पूर्ण धरतात. ट्रेलरवरून निघून मालालाच अडकवलेली, किंवा फिरून त्याच बाजूला परत आलेली असेल तर अर्धी.
चार इंची पट्टा ५,४०० पौंड. ग्रेड ७० ची ३/८ इंची साखळी ६,६००, आणि ५/१६ इंची ४,७००. मात्र पट्ट्यावरची चिठ्ठी झिजून वाचता येत नसेल तर इन्स्पेक्टर तो ४,००० चाच धरतो, आणि ३/८ च्या साखळीवर ग्रेडची खूण नसेल तर २,६५०. मिळालेलं सामान पहिल्याच दिवशी तपासा, आधीच्या ड्रायव्हरने चांगलं स्वतःकडे ठेवून भंगार मागे ठेवलेलं असतं.

नवा माणूस हटकून फसतो ती जागा: ४४,००० पौंडांची एक कॉइल. निम्मे २२,०००. ३/८ च्या चार साखळ्या म्हणजे २६,४००, झालं असं वाटतं. पण साखळी आणि बाइंडर (साखळी ताणून आवळायचं साधन) यांतलं जे कमजोर तेच धरायचं असतं. ५/१६–३/८ मापाचे पुष्कळ बाइंडर ५,४०० चे आहेत. चार गुणिले ५,४०० म्हणजे २१,६००, चारशे पौंड कमी. पाचवी साखळी टाका. बाइंडरवर आकडा कोरलेला असतो, तो वाचायची सवय लावा.

दुसरा हिशेब लांबीचा. माल पुढे हेडरबोर्डला (ट्रेलरच्या पुढच्या टोकाच्या भिंतीला) टेकलेला नसेल तर: पाच फुटांपर्यंत आणि १,१०० पौंडांपर्यंत एक बांध. पाच फुटांपर्यंतच पण त्याहून जड असेल तर दोन. पाच ते दहा फूट असेल तर वजन काहीही असो, दोन. त्यापुढे दर दहा फुटांना किंवा त्याच्या भागाला एकेक वाढवायचा. म्हणजे २०,००० पौंडांच्या ४० फुटी बीमला वजनाने दोन पट्टे पुरतात, लांबीने पाच लागतात. जो आकडा मोठा तो घ्यायचा. नीट टेकलेला असेल तर दहा फुटांमागे एक, म्हणजे चार.

कॉइलला वेगळे नियम आहेत, एकूण वजन ५,००० पौंड किंवा जास्त झालं की लागू. भोक आकाशाकडे, भोक आडवं ट्रेलरच्या बाजूंकडे, किंवा भोक ट्रेलरच्या लांबीत, या तिन्हींची बांधणी निरनिराळी. आडव्या भोकाच्या कॉइलला ड्रायव्हर 'सुसाइड' म्हणतात, कारण सुटली तर ती पुढे कॅबकडेच घरंगळते. लांबीतल्या भोकाची ती 'शॉटगन'. खाली कॉइल रॅक आणि लाकडी ठोकळे, घसरू नये म्हणून रबरी मॅट. कळंबोलीच्या लोखंड बाजारात ज्यांनी कॉइलचे ट्रेलर जवळून बघितलेत त्यांना वजनाचा अंदाज असेल. इथे वेगळी आहे ती तपासणी.

तपासणी म्हणजे: निघताना, मग पहिल्या ५० मैलांच्या आत, त्यानंतर दर १५० मैलांनी, तीन तासांनी किंवा ड्यूटीची स्थिती (चालवणं, इतर काम, विश्रांती) बदलली की, यांतलं जे आधी येईल तेव्हा. पट्टे पहिल्या ५० मैलांतच सैल पडतात, कारण माल बसतो आणि लाकूड दबतं. धारेवरून पट्टा जात असेल तिथे कोपरा-रक्षक हवाच. पट्ट्याला गाठ चालत नाही. जमेल तिथे पट्टा रब रेलच्या (ट्रेलरच्या कडेच्या पट्टीच्या) आतून घ्यायचा.

लोखंडबाजार
भर घालतो. बांधणी आणि ताडपत्री हे सगळं 'ऑन ड्यूटी' लिहायचं. ड्रायव्हिंगचे ११ तास शिल्लक असले तरी १४ तासांची खिडकी (काम सुरू केल्यापासून गाडी चालवता येण्याची मुदत) त्यात चालूच असते, आणि ७० तासांतूनही ते कापलं जातं. 'स्लीपर'मध्ये (कॅबमधल्या पलंगावर विश्रांती) दाखवून तास वाचवायचा सल्ला कोणी ट्रेनर देईल. घेऊ नका. मिलच्या गेटवरच्या पावतीवर वेळ छापलेली असते आणि ऑडिटमध्ये ती लॉगशी ताडून बघतात.

सई_सातारकर
ताडपत्रीबद्दल मीच लिहिते मग. आठ फूट झालर असलेली लाकडाची ताडपत्री ७० ते १०० पौंडांच्या घरात जाते, ओली झाली की आणखी. उंचीपेक्षा पद्धत महत्त्वाची. फोर्कलिफ्टवाल्याला माल चढवतानाच गुंडाळी वर ठेवून द्यायला सांगा, बहुतेक जण ठेवतात. 'इथे चालत नाही' असा त्या जागेचा नियम असेल तर वाद नको. गुंडाळी करतानाच मधोमध खूण येईल अशी करा, म्हणजे वर उलगडताना ओढाताण होत नाही. मागची आधी पसरायची, मग पुढची तिच्यावर चढवायची, नाहीतर जोडातून वारा शिरतो आणि साठ मैलांच्या वेगात ताडपत्री फुगून फाटते. धारदार कोपऱ्यांवर जुन्या ताडपत्रीचे तुकडे किंवा फेस घालावा. रबरी बंजी (ताडपत्री ताणायचा हुकवाला दोर) ओढताना तोंड रेषेत ठेवू नका, हुक निसटला तर डोळाच जातो. विंच बारवर (पट्टे आवळायच्या दांड्यावर) छाती टेकून जोर लावायचा नाही, बार निसटला की दात जातात.
मालावर बर्फ असेल किंवा वारा जोराचा असेल तर वर चढू नका, डिस्पॅचरला सांगा. सुरक्षेच्या पट्ट्याची सोय असलेलं ताडपत्री-स्टेशन मागा, मोठ्या मिल्समध्ये असतं.
आणि ताडपत्री ही बांधणीत धरत नाहीत, ती फक्त झाकण.
ज्यांचे गुडघे किंवा खांदे आधीच कुरकुरतात त्यांनी कोनेस्टोगा ट्रेलर असलेली कंपनी शोधावी, त्यात ताडपत्री रुळांवर सरकते. पण अशा जागा नव्यांना क्वचित मिळतात.

नायगारावारी
कॅनडातून वाचणाऱ्यांसाठी दोन ओळी. ऑन्टारियोत एझेड (जड ट्रेलर-ट्रकच्या) लायसन्ससाठी जुलै २०१७ पासून किमान १०३.५ तासांचं ट्रेनिंग सक्तीचं आहे. ब्रॅम्प्टनमध्ये 'स्वतःची कंपनी उघड, तुला इनकॉर्पोरेट करून पैसे देतो' असं म्हणणारे पुष्कळ भेटतील. पगारी नोकरी असेल तरच घ्या. त्या इनकॉर्पोरेटच्या पद्धतीत ओव्हरटाइम, सुट्ट्या, अपघात विमा सगळं जातं.

कोयनाकाठ
भाऊ एच-४ ईएडीवर (एच-१बीवाल्याच्या जोडीदाराच्या वर्क परमिटवर) आहे. चालेल का?

निवडुंग
शाळेची फी भरण्याआधी बीएमव्हीत (लायसन्स कार्यालयात) विचारा. ग्रीन कार्डवाल्याला नेहमीचं सीडीएल मिळतं, त्याला प्रश्न नाही. ईएडीवाल्यांना लागायचं ते 'नॉन-डोमिसाइल्ड' (कायम रहिवासी नसलेल्यांचं) सीडीएल, आणि सप्टेंबर २०२५ मध्ये ते एच-२ए, एच-२बी आणि ई-२ एवढ्या व्हिसांपुरतंच ठेवणारा फेडरल नियम आला. तो कोर्टातही गेला. एच-४ त्या यादीत नाही. भावाला या भरवशावर चार-पाच हजार डॉलर घालू देऊ नका.
याला जोडूनच: २५ जून २०२५ पासून रस्त्यावरच्या तपासणीत इंग्रजी बोलता-वाचता आलं नाही तर ड्रायव्हरला तिथेच थांबवतात. दुभाषा किंवा फोनवरचं ॲप चालत नाही. रस्त्यावरच्या पाट्या, लॉगमधल्या नोंदी आणि 'कुठून आलात, काय माल आहे' एवढं घडाघडा यायला हवं.

दवाखाना_बंद
मेडिकल कार्डाबद्दल. जास्तीत जास्त दोन वर्षांचं मिळतं. रक्तदाब १४०/९० च्या खाली ठेवून जा, वर गेला की मुदत कमी होते. मधुमेह गोळ्यांवर असेल तर सहसा अडत नाही. इन्सुलिनवर असाल तर आपल्या डॉक्टरकडून एमसीएसए-५८७० फॉर्म आणि मीटरमधल्या तीन महिन्यांच्या साखरेच्या नोंदी लागतात, आणि कार्ड वर्षाचंच मिळतं. नोंदी आजपासून सुरू करा, तीन महिने मागे जाऊन लिहिता येत नाहीत.

चाकोरीबाहेर
दोन ऑफर आल्या.
पहिली: मोठी कंपनी, टक्केवारी, ट्रेनरबरोबर चार-पाच आठवडे, १२ महिन्यांचा करार, फी महिन्यांच्या प्रमाणात माफ. माझ्या गावातल्या ड्रायव्हरचा नंबर दिला, तो शुक्रवारी रात्री किंवा शनिवारी सकाळी घरी असतो म्हणाला.
दुसरी: तासाभरावरचा तीन ट्रकवाला. '१०९९ वर घेतो, सोमवारपासून ये.' टक्के बरेच जास्त. ट्रेनिंग दोन दिवस.

लोखंडबाजार
पहिली.
दुसऱ्याबद्दल: ट्रक त्याचा, लोड त्याचे, वेळ त्याची, आणि तुम्ही कागदावर 'स्वतंत्र कंत्राटदार' (१०९९ म्हणजे तेच)? स्वयंरोजगाराचा १५.३ टक्के कर तुमच्या खिशातून, आणि मालावरून पडलात तर कामगार भरपाई नाही. फ्लॅटबेडला ती नसणं म्हणजे फारच वाईट. एफएमसीएसएच्या (ट्रक सुरक्षेच्या फेडरल खात्याच्या) सेफर साइटवर त्याचा यूएसडीओटी नंबर (कंपनीचा सरकारी नोंदणी क्रमांक) टाकून बघा: अधिकारपत्र कधीचं, वाहनं किती तपासली आणि किती टक्के जागेवर थांबवली, शेजारीच राष्ट्रीय सरासरी दिलेली असते. तीनच ट्रक असतील तर टक्केवारीपेक्षा प्रत्येक तपासणीतल्या त्रुटी वाचा. ब्रेक आणि टायर पुन्हा पुन्हा दिसले की विषय संपला. आणि त्याची विमा कंपनी नवख्याला मान्य करते का, हे लेखी मागा. बहुतेक तिथेच थांबेल तो.

साखळदंड
पहिलीला जाण्याआधी सामान: चामड्याचे हातमोजे दोन जोड (एक भिजतो), हेल्मेट, चष्मा, पूर्ण बाह्यांचा शर्ट, चकाकणारं जॅकेट, हेडलॅम्प, टायर ठोकायचा दांडा. बूट घेताना मात्र नुसत्या स्टील टोचे घेऊ नका. बऱ्याच मिल्स पावलाच्या वरच्या हाडांवर संरक्षण असलेले मेटाटार्सल मागतात, नसले तर गेटवरूनच परत पाठवतात. दीडशे-दोनशे डॉलर जातात, म्हणून कंपनी पैसे परत देते का ते विकत घ्यायच्या आधी विचारा, आणि पावती जपून ठेवा.